ठकीच्या नाकातलं बी

“त्या पोरीला लांब बसव. घास उतरत नाही,” सासूबाई म्हणाल्या. माझी धाकटी जाऊ उठली आणि आपल्या ठकीला घेऊन बांधाच्या पलीकडे जाऊन बसली.

पोर चार वर्षांची. घेवड्याची पेरणी चालू झाल्यापासून तिची एकच नाकपुडी वाहत होती आणि तिला घाण वास मारत होता. सगळे म्हणाले, सर्दी आहे. सासूबाईंनी नाकात मिठाचं पाणी सोडलं. मग आत काहीतरी दिसतंय म्हणून केसातला आकडा घालून पाहिला, तर रक्तच आलं. त्यानंतर ठकी कुणाला तोंडाला हात लावू देईना. जाऊसुद्धा दिवसभर बी टोकून घरी आली की तिला कुशीत न घेता पाठीशी झोपवायची. वासच तसा होता.

शेवटी मीच म्हणाले, “चल, मी येते बरोबर.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “एकाच बाजूनं वाहतं ना? मग सर्दी नव्हे. आत काहीतरी अडकलंय.” जाऊनं मिठाचं पाणी, आकडा, सगळं सांगितलं. बाईंनी बॅटरी लावून पाहिलं. “बी आहे. पाण्यानं फुगलंय. आकड्यानं आणखी आत गेलंय.”

ठकी किंचाळून आईला बिलगली. चिमटा दिसला तरी अंग ताठ करायची.

“तुम्हीच काढा,” बाई जाऊला म्हणाल्या. “मोकळी नाकपुडी बोटानं दाबा. तिच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवा आणि एकदम फुंका.”

जाऊ क्षणभर थांबली. मग तिनं पोरीला मांडीवर घेतलं, “पापा दे गं” म्हणाली आणि फुंकलं. काही झालं नाही. पुन्हा फुंकलं. तिसऱ्या खेपेला शेंबडानं माखलेलं बी नाकाच्या तोंडाशी आलं. बाईंनी ते अलगद ओढून काढलं. टपोरं फुगलेलं, साल फाटलेलं.

जाऊनं पदरानं आधी पोरीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. रडली वगैरे नाही. रडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

परतताना ऊन डोक्यावर आलं होतं. निम्मं शेत टोकायचं राहिलं होतं, म्हणून आम्ही भराभर चाललो होतो. खांद्यावरची ठकी म्हणाली, “आई, परत फुंक ना.”

“आता काही नाही गं आत.”

“तरी फुंक.”

जाऊ चालायची थांबली. रस्त्याच्या कडेला, धुळीतच बसली.

“अगं, पेरणी राहिली आहे,” मी म्हणाले.

“राहू दे जरा,” ती म्हणाली आणि पोरीच्या तोंडावर तोंड ठेवलं.