जोरी पास्कोची वाट

टलंगारा या आमच्या जुन्या खाणगावात पाऊल टाकलंत की जोरी पास्को तुमची पाठ सोडत नाही. बसथांब्यासमोरचा दारूगुत्ता त्याच्या नावाचा, बेकरीतली सगळ्यात मोठी पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली करंजी, त्याच्या नावाची, आणि मेथॉडिस्ट चर्चच्या मागे तर कोरीव दगडच आहे: ‘१८९४ साली जोरी पास्को येथून जिवंत बाहेर आला.’ दगडाशेजारी दर ऑक्टोबरात पोरांची सरपटण्याची शर्यत होते. चाळीस फुटी सिमेंटचा पाइप, एका तोंडातून आत, दुसऱ्यातून बाहेर. गावातलं एकही पोर त्यातून सरपटल्याशिवाय मोठं झालेलं नाही.

हा सगळा उद्योग माझा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी वेस नॅन्कॅरो. लेडी ॲबिगेल खाणीत गेली अठ्ठावीस वर्षं लोकांना फिरवतो. सोनं संपून शंभर वर्षं झाली, त्यामुळे विकायला आमच्याकडे गोष्टी तेवढ्या उरल्यात. पहिल्या वर्षी मी खरं तेच सांगायचो. लोक माना खाली घालून बाहेर पडायचे आणि चहाघराकडे न वळता थेट बसमध्ये जाऊन बसायचे. खाण चालवणाऱ्या समितीच्या चिटणीस मिसेस बाइस मला म्हणाल्या, “वेस, लोक इथे सहलीला येतात रे, मयताला नाही.” दुसऱ्या दिवशी मी जोरीला बाहेर काढला. पाणी भरलेल्या खाणीतून, भिंतीतल्या एका भोकातून, चारशे फूट सरपटत, थेट चर्चच्या मागे. मेलबर्नच्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला त्या टाळ्या आवडल्या. पुढे दगड बसवला तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. पण फीत कापायची कात्री माझ्याच हातात दिली होती.

जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, एका सोमवारी मी टेगन ऑजर्सला घेऊन खाणीत उतरलो. चोवीस वर्षांची पोर, माझ्यानंतर तीच हे काम करणार होती. सोमवारी खाण बंद, म्हणून सरावाला बरी. कंदील घेऊन ती पुढे, मी मागे गिऱ्हाईक होऊन. जोरीच्या भोकापाशी ती अशी रंगात आली की मलाच वाटलं, बाहेर आला असेल बुवा.

तेवढ्यात मागे काहीतरी पडलं. फार मोठा आवाज नाही, कोणी बटाट्याचं पोतं टाकावं तसा. मग दुसरं पोतं, मग तिसरं, आणि मग धूळ. धूळ बसल्यावर पाहिलं तर आलो ती वाट नव्हतीच. छतापर्यंत माती, दगड आणि मोडकी लाकडं. वर जाणारी फोनची तार त्यातच गाडली गेली होती. आणि खाणीतलं पाणी बाहेर नेणारी मोरीही.

“वेस,” टेगन म्हणाली, “माझे बूट ओले होतायत.”

मी खडूने भिंतीवर रेघ मारली. अर्ध्या तासाने पाणी दोन बोटं वर होतं.

“तुझी आई कधी शोधाशोध करेल?”

“सहाला जेवायला बसतो आम्ही. साडेसहाला ती खवळेल आणि इथे येऊन दारात माझी गाडी बघेल.”

“आत्ता अकरा वाजलेत. तोवर पाणी मांडीपर्यंत येईल. गारठू, पण मरायचं नाही. बसून राहायचं.”

“बसून कशाला?” ती चक्क हसली. “वाट आहे की आपल्याकडे.”

बाहेरगावचं कोणी असतं तर त्याने त्या भोकाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, खांदे जेमतेम मावतील एवढं. पण टेगन टलंगाराची. पाइपाची शर्यत तिने पाच वर्षं ओळीने जिंकलेली. मी काही बोलेपर्यंत तिने माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या चाकूने भोकावरच्या जाळीचे स्क्रू काढायला घेतले होते.

“टेगन, ती वाट नाही.”

“तुमच्यासाठी नसेल. तुमचं पोट दारातच अडकेल. मी जाते, चर्चमागून निघते आणि माणसं घेऊन येते.”

“अगं, कुठे निघत नाही ती. मी रचलं ते सगळं.”

“घाबरलात का म्हातारबाबा, एकटं राहायला?” जाळी तिने पाण्यात टाकली. “तासाभरात येते.”

आणि गेलीसुद्धा. डोकं, खांदे, कंबर. मी पाण्यात गुडघे टेकले आणि तिचे दोन्ही बूट घट्ट धरले.

“सोडा!”

“जोरी मेला, टेगन! इथेच मेला!”

ती आतून म्हणाली, “तुम्ही मला आठ वर्षांची असताना सांगितलंत तो वाचला म्हणून. माझ्या गळ्यात पदक घालताना. तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?”

माझी आयुष्यभराची कमाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. मी ओरडलो, रडकुंडीला आलो, आईची शपथ घातली. जितका जीव तोडून बोलावं तितकी ती पाय झाडायची. बरोबरच होतं तिचं. जीव तोडून बोलणं हाच तर माझा धंदा.

शेवटी मी ओरडायचं थांबवलं. नगरपालिकेच्या कपाटात त्या मृत्यूच्या चौकशीचा कागद आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकदाच वाचलेला, पण पाठ झालेला. तो मी जसाच्या तसा म्हणायला लागलो.

“मयताचे नाव जोरी पास्को. वय एकोणीस. अकराव्या दिवशी प्रेत सापडले. तोंडापासून एकेचाळीस फुटांवर. बोगदा तिथे खाली उतरतो व संपतो. डोके खाली, दोन्ही हात पुढे. उजव्या पायात बूट नव्हता. जोडीदाराने साक्ष दिली की त्याने ओढून पाहिले, पण बूट हातात आला. कारण, पाणी. पंचांची शिफारस, काही नाही.”

मग माझ्या हातातले पाय ढिले पडले आणि ती इंचाइंचाने मागे सरकायला लागली. बाहेर आली तेव्हा कोपरं सोलली होती आणि ओठ निळे पडले होते.

“इतकं वाईट तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून पटलं.”

मग आम्ही उभे राहिलो. बसायला जागाच नव्हती. मी माझा कोट तिला देऊ केला, तिने घेतला नाही. तीनच्या सुमारास पाणी भोकाच्या उंबऱ्यावर चढलं आणि आत शिरलं. आम्ही दोघं ऐकत होतो. आत कुठेतरी खळखळत उतरलं, घटाघटा भरलं, आणि पाच मिनिटांत परत येऊन उंबऱ्यावर स्थिर झालं. पलीकडे वाट असती तर ते परत आलं नसतं. टेगनने माझा हात धरला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. तो हात मला फार जड वाटला.

अग्निशमनवाल्यांनी आम्हाला बाहेर काढलं. जोरीचं खरं काय ते टेगन कोणाला बोलली नाही. माझ्याशी तर तीन महिने बोललीच नाही. मी रोज ठरवायचो की आज मिसेस बाइसना सांगून टाकतो, आणि रोज पेस्टी घेऊन घरी जायचो.

ऑक्टोबरात जोरीचा दिवस आला. खाणीला नवे टेकू लागले होते, भोकाला नवी जाळी. शर्यत संपल्यावर टेगनची पहिली फेरी निघाली. सगळी समिती, निम्मं गाव, कोपरं खरचटलेली पोरं. मला मान म्हणून सगळ्यात आत उभं केलं होतं. माझ्या आणि दाराच्या मध्ये तीस माणसं.

टेगनने छान सांगितलं. सोन्याची शिर, पुराची रात्र, चढतं पाणी. “आणि मग जोरी या भोकात शिरला,” ती म्हणाली, आणि थांबली.

यंदाची विजेती मिसेस बाइसची नात होती, गळ्यात पदक घालून पुढेच उभी. तिला धीर धरवेना. “आणि मग बाहेर आला ना?”

“ते वेसना विचार,” टेगन म्हणाली. “त्याला बाहेर त्यांनी काढला.”

लोक हसत माझ्याकडे वळले. मिसेस बाइसनी तर टाळ्यांसाठी हातही वर घेतले होते. मी टेगनकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. “इथेच मेला तो. एकोणीस वर्षांचा होता.”

“वेस,” मिसेस बाइस खालच्या आवाजात म्हणाल्या, “मुलं आहेत इथे.”

मुलगी जाळीपाशी गेली, आतल्या काळोखात तिने डोकावून पाहिलं, मग पदक मुठीत धरून माझ्याकडे वळली.

“पण मी तर बाहेर आले.”

“तू पाइपातून आलीस, बाळा,” मी म्हणालो. “याला दुसरं तोंडच नाही.”