बर्फवाल्याकडची पत

लॉराचं क्रेडिट कार्ड अगदी हातातोंडाशी आलं होतं आणि ते मनोरमाताईंनी घालवलं. मुद्दाम नव्हे. मदत करायला गेल्या आणि घालवलं.

लॉरा भाईंदरजवळच्या उत्तन या कोळ्यांच्या गावची. तिची आई कॉनी वीसेक वर्षं भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या मनोरमाताईंच्या इमारतीत मासळी घेऊन यायची, आणि टोपलीबरोबर ही लहानगी. आई जिने चढत-उतरत दारोदार फिरायची, तोवर पोरगी मनोरमाताईंच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून पाढे लिहायची. आता ती वीस वर्षांची झाली, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आली, तरी कॉलेज सुटलं की आधी इथे येऊन भाताच्या पातेल्याचं झाकण उघडायची सवय काही गेली नव्हती.

पोर्तुगालमध्ये समुद्री शेवाळाच्या अभ्यासाचं दीड महिन्याचं शिबिर होतं आणि त्यात लॉराची निवड झाली होती. जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च तीच मंडळी करणार होती. फक्त जागा पक्की करण्यासाठी दीडशे युरो शुक्रवारपर्यंत भरायचे, तेही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरून. मागच्या वर्षी म्हणे एजंटांनी जागा अडवून ठेवल्या होत्या, म्हणून हा नियम. दीडशे युरोंचे पंधरा-सोळा हजार रुपये लॉराने शिकवण्या घेऊन जमवले होते. पैसे होते, कार्ड नव्हतं.

एका ॲपवर विद्यार्थ्यांसाठी कार्ड मिळतं असं कळलं. अर्ज झाला. सोमवारी दुपारी बँकेचा माणूस व्हिडिओवर बोलून खात्री करून घेणार होता. उत्तनला घरात रेंज धड नाही, म्हणून लॉरा इथे मनोरमाताईंच्या दिवाणखान्यात भिंतीला पाठ लावून बसली. खोलीत दुसरं कुणी नको, अशी सूचना होती. मनोरमाताई शहाण्यासारख्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पडद्याआड उभ्या राहिल्या.

मोबाइलवरच्या मुलाने पॅन कार्ड बघितलं, पत्ता विचारला, आणि मग म्हणाला, "मॅडम, ये कार्ड आप अपनी मर्जी से ले रही हैं ना? किसी के कहने पर तो नहीं?"

लॉराला हा प्रश्न अनपेक्षित होता. ती उत्तर जुळवू लागली. आणि पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "सांग की, माझ्या मर्जीने म्हणून! घाबरतेस काय?"

"मॅडम, आपके पीछे कौन बोल रहा है?"

"कोई नहीं… आजी हैं…"

फोन बंद. पाठोपाठ संदेश आला: अर्ज नामंजूर, पुन्हा अर्ज तीन महिन्यांनंतर.

लॉरा रडली नाही. नुसती मोबाइलकडे बघत बसली, आणि तेच मनोरमाताईंना जास्त लागलं. दोन शब्द बोलली असती तरी चाललं असतं.

"माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच," त्या म्हणाल्या. "चल, उठ. बँक काय मोबाइलातच असते? उद्या सकाळी शाखेत जाऊ. मी सही करते तुझ्यासाठी. माझी पेन्शन येते त्या बँकेत."

दुसऱ्या दिवशी त्या पेन्शनचं पासबुक, आधार, दोन फोटो आणि चष्म्याची जादा जोडी घेऊन निघाल्या. शाखेतली अधिकारी उर्मिला नावाची तिशीतली बाई होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, तुमच्या सहीचा इथे उपयोग नाही."

"का? मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली आहे."

"तसं नाही हो. हिला पगार नाही, म्हणून कार्ड फक्त मुदत ठेवीवर मिळेल. आणि ठेव हिच्याच नावाची लागेल. तुमची चालणार नाही, आईचीही चालणार नाही. हिची ठेव, हिचं कार्ड."

"माझ्याकडे सोळा हजार आहेत," लॉरा म्हणाली.

"ते ठेवीत घातलेस तर लिमिट मिळेल चौदा हजारांचं. आणि मग बिल कशातून भरणार?"

मनोरमाताई खुर्चीत मागे रेलल्या. त्यांना एकोणऐंशी सालचं गिरगावातलं दुकान आठवलं. शिवणयंत्र हप्त्यावर घ्यायला त्या गेल्या होत्या, पगाराची पावती हातात घेऊन. दुकानदार म्हणाला होता, "मिस्टरांना घेऊन या, सहीला." पगार त्यांचा, हप्ता त्यांचा, आणि सही सुभाषची. सुभाष तेव्हा फिरतीवर नागपूरला. तो येईपर्यंत दिवाळी उलटून गेली, आणि पोरांचे कपडे शेवटी शिंप्याकडेच टाकावे लागले. तेव्हापासून सही म्हटलं की ती दुसऱ्याची आणावी लागते, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं. आणि इथे ही बाई सांगत होती की दुसऱ्याची चालतच नाही! त्यांना राग यावा की आनंद व्हावा, कळेना.

मग त्यांची आठवण गिरगावहून घसरत थेट उत्तनच्या चर्चपाशी आली.

"लॉरा," त्या एकदम म्हणाल्या, "तुझ्या कम्युनियनचे पैसे कुठे आहेत?"

"कुठले पैसे?"

"अगं, दोन हजार चौदा! चर्चमधला पहिल्या प्रसादाचा सोहळा, पांढरा झगा, डोक्यावर ओढणी, हातात मेणबत्ती. पाहुण्यांनी दिलेली पाकिटं तुझ्या आईने उघडलीसुद्धा नव्हती, म्हणाली हे पोरीचं, घरात खर्चायचं न्हाय. मी तिला ओढून याच बँकेत आणलं होतं. बारा हजार एक रुपये! वरचा एक माझ्या पाकिटातला. क्लार्क म्हणाला एक रुपया काढा, आणि कॉनी म्हणाली, वयनीनं दिलेला रुपया मी काढणार न्हाय."

उर्मिलाने काँप्युटरवर बघितलं आणि हसली. ठेव होती. मुदत संपली की दर वेळी आपोआप पुढे सरकत गेली होती आणि आता चोवीस हजारांच्या वर पोचली होती. "पण ती अजून अज्ञान मुलीच्या नावावर आहे, पालक आई. ही सज्ञान झाल्याची नोंदच नाही. आईला आणि मूळ पावती घेऊन या. उद्या आलात तर शुक्रवारपर्यंत होईल."

त्याच दुपारी दोघी भाईंदर पश्चिमेहून बस पकडून उत्तनला गेल्या. कॉनी अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं आणि हातातला बोंबील खाली ठेवला.

"म्हंजे गहाण टाकायची?"

"मोडायची नाही गं. जागेवरच राहणार. व्याजही चालू राहणार."

"पन बँकेच्या ताब्यात. त्येलाच गहाण म्हनतात, वयनी. माझ्या आयच्या बांगड्या अशाच गेल्या. त्यापन जागेवरच राहनार होत्या."

लॉरा म्हणाली, "मम्मी, मी बिल भरणार आहे ना, पैसे आहेत माझ्याकडे."

"आज हायेत. उद्या तो मोबाइल दिसंल, परवा बूट दिसंल. आन हे तर देवाम्होरचं पैसं."

मनोरमाताई ओट्यावर बसल्या. कॉनीला आकडे सांगून उपयोग नव्हता, हे त्यांना वीस वर्षांच्या घासाघाशीतून माहीत होतं.

"कॉनी, तुझा बर्फवाला पैसे कधी घेतो?"

"आत्माराम? शनिवारी. आठवड्याचा एकदम."

"आणि मागच्या वादळात? आठ दिवस होड्या बाहेर गेल्या नाहीत, तुझ्या हातात पैसा नव्हता, त्यानंतर?"

"तेव्हापन दिला की बर्फ. इचारलंसुदीक न्हाय."

"का दिला?"

"का म्हंजे? त्याआदी अठरा वर्सं एक शनिवार चुकवला न्हवता मी!"

"बघ. ती तुझी पत. बँकेला तुझी लॉरा माहीत नाही, म्हणून आत्ता ठेव धरून ठेवते. लॉराने शनिवार चुकवला नाही, की एक दिवस तीच बँक न धरता देईल. आता सुरू नाही केलं, तर कधी ओळखणार तिला?"

कॉनीने खाली ठेवलेला बोंबील उचलून बांबूवर टाकला. मग आत गेली आणि भिंतीवरची मदर मेरीची तसबीर खाली घेतली. फळी आणि चित्र यांच्या मधून पिवळी पडलेली पावती निघाली.

"आन पोरी," ती पावती देताना म्हणाली, "तुझा शनिवार चुकला ना, तर मी तुला सुक्या मासळीत घालून वाळवीन."

बुधवारी तिघी शाखेत गेल्या. कॉनीने पालक म्हणून शेवटची सही केली, लॉराने पहिली. शुक्रवारी दुपारी कार्ड बँकेच्या ॲपमध्ये दिसू लागलं, प्लॅस्टिकचं नंतर टपालाने येणार होतं. लॉरा पुन्हा त्याच भिंतीला पाठ लावून बसली. मनोरमाताई या वेळी पडद्याआड गेल्या नाहीत, समोर बसल्या आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

लॉराने नंबर भरला, तारीख भरली, बटण दाबलं.

नाकारलं.

पुन्हा भरलं. पुन्हा नाकारलं.

मनोरमाताईंच्या ओठांवर सतरा सूचना आल्या. उर्मिलाला फोन कर, बंद करून चालू कर, खिडकीपाशी बस. त्यांनी पदर घट्ट चावला आणि एकही बाहेर येऊ दिली नाही. लॉरा कपाळाला आठ्या घालून ॲप चाळत होती, शिवणयंत्राचा दोरा तुटल्यावर कुठे अडकलं ते माणूस शोधतो तशी. मिनिटभराने ती म्हणाली, "हां! परदेशातले व्यवहार बंदच असतात सुरुवातीला. आपणच चालू करायचे असतात."

बटण सरकवलं. ओटीपी आला. तिने भरला, आणि मोबाइलचा पडदा क्षणभर पांढरा झाला.

"झालं, आजी. जागा पक्की."

मनोरमाताईंनी तोंडातला पदर सोडला. त्या हसायला लागल्या, मग डोळे पुसायला लागल्या, आणि मग चहा गार झाला म्हणून स्वतःवरच चिडल्या.

"बघू ते कार्ड," त्या म्हणाल्या. लॉराने मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा बदलून वाचलं: लॉरा रॉक बोर्जिस. "आणि खाली आणखी कुणाची सही?"

"कुणाचीच नाही."

"कुणाचीच नाही," मनोरमाताईंनी पुन्हा म्हणून बघितलं.

तेवढ्यात कॉनीचा फोन आला. ती इतक्या मोठ्याने बोलत होती की स्पीकरची गरजच नव्हती. "झाला? झाला ना? मग तिला इचार, वयनी, तिचा शनिवार कधी येतो ते!"

"पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला, मम्मी."

"मी अकराला फोन करीन," कॉनी म्हणाली.

"मी दहाला," मनोरमाताई म्हणाल्या, आणि चहा पुन्हा गरम करायला उठल्या.