गैरहजराचं शून्य

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. हसताय काय? जन्मभर नुसते आकडे दाखवले, आज तोंड उघडतोय. माझं पाचाचं बटण पार पुसलंय आणि शून्याचं दाबून दाबून खाली बसलंय. त्या शून्याचीच ही गोष्ट.

मला गणिताच्या सरांनी लग्नानंतर लगेच घरी आणलं. बाई, म्हणजे त्यांची बायको, सरांच्याच शाळेत शिकवायच्या. परीक्षा झाली की दोघं जेवणाच्या टेबलावर मला मधे घेऊन बसायची. बाई गुण वाचायच्या, सर बटणं दाबायचे. आधी सरासरी काढायची, मग प्रमाण विचलन. म्हणजे पोरं सरासरीच्या आसपास आहेत की चहूकडे पांगलीत, ते.

बाई "गैरहजर" म्हणाल्या, की सरांचं बोट हमखास शून्यावर!

"अहो, शून्य काय दाबता? लेकरू आलं नाही, म्हणजे त्याला काहीच येत नाही का?"

"अरेच्चा! चुकलंच की. आता पुन्हा पहिल्यापासून वाच."

"डोकं असतं कुठे हो तुमचं?"

डोकं अगदी ठिकाणावर असायचं. चुकलेला एकच आकडा खोडायचं बटण माझ्याकडे आहे, सरांना ते पक्कं ठाऊक होतं. पण त्यांना बायकोचा आवाज आणखी थोडा ऐकायचा असायचा. काय दिवस होते ते!

पुढे कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, वाळलेल्या पेनांशेजारी. गेल्या वर्षी बाई गेल्या. सरांनी बोलणंच टाकलं. "बाबा, एक शब्द तरी बोला हो," असं लेक विनवायची, ते आतून ऐकून माझा जीव तुटायचा.

काल ड्रॉवर उघडला. लेकीने मला नवे सेल घातले. तीही आता शिक्षिका आहे.

"बाबा, कॉम्प्युटर बिघडलाय. मी गुण वाचते, तुम्ही करा."

धडधडीत खोटं! तो आतल्या खोलीत मजेत चालू होता.

सरांनी मला पुढ्यात ओढलं. त्रेसष्ट. अठ्ठेचाळीस. एकाहत्तर. बोटं एकदाही चुकली नाहीत.

"गैरहजर," लेक म्हणाली.

बोट थांबलं. मला वाटलं, आता उठून जातात. पण बोट हळूच शून्यावर आलं आणि शून्य दाबलं गेलं.

"अहो बाबा, शून्य काय दाबता!" लेक अगदी आईसारखी ओरडली.

सरांचे डोळे भरून आले आणि ते हसले.

"अरेच्चा! चुकलंच की. वाच गं, पुन्हा पहिल्यापासून."

माझं एकच मागणं आहे. ते खोडायचं बटण कुठे आहे, हे कृपा करून लेकीला सांगू नका.