सत्तरावरचा काटा

मित्रांनो, मला नीट बघा. पितळी अंग, चिरलेली काच आणि एक काळा काटा. पारशिवनीच्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजनच्या सिलिंडरवर नऊ वर्षं काढलेला मी एक जुना गेज आहे. सिलिंडरमध्ये किती हवा उरली, एवढंच मी सांगतो. पण खोटं कधी सांगितलं नाही, याचा मला अभिमान आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी काच लखलखत होती. पुढे धूळ बसली आणि मला कुणी विचारेना. काजल नर्स आली ती पहिल्या दिवसापासून माझी काच पुसू लागली.

एका दुपारी गावातल्या भागीरथामावशींना श्वास घेववेना. त्यांना घेऊन आम्ही धंतोलीच्या दवाखान्याकडे निघालो, तेव्हा माझा काटा एकशे तीसवर होता. अर्ध्या तासात वीस किलोमीटर झाले आणि काटा सत्तरावर आला. तेवढ्यात कोराडीजवळ कोळशाचे ट्रक अडकले आणि गाडी थांबली. वीस मिनिटं तरी लागतील, असं पोलिसानं सांगितलं.

चालक अंकुशनं बोटांवर हिशेब केला. "पुरते ना ताई! वीस किलोमीटरले साठ गेले, तं उरलेल्या सोळाले अठ्ठेचाळीस लागतीन. आपल्याजवळ सत्तर आहे. काहून घाबरता?"

गुणाकार बिनचूक होता. मलाही क्षणभर हायसं वाटलं. पण काजलची नजर माझ्यावरच होती आणि उभ्या गाडीतही माझा काटा उतरत होता.

"गाडी थांबली म्हणून मावशी श्वास थांबवून राहिली का गा दादा? हवा किलोमीटरनं नाही, मिनिटानं जाते."

तिनं मलमपट्टीच्या चिकटपट्टीवर लिहिलं: तीस मिनिटांना साठ, म्हणजे मिनिटाला दोन. सत्तरला पस्तीस मिनिटं. इथं वीस जाणार, पुढच्या सोळा किलोमीटरला चोवीस. एकूण चव्वेचाळीस. नऊ मिनिटं कमी! डॉक्टरांनी ठरवलेली हवा कमी करायची सोय नव्हती. अंकुशचा चेहरा उतरला.

काजलनं लगेच दवाखान्यात फोन लावला. "भरलेलं सिलिंडर घेऊन समोरून या. अर्ध्या तासाच्या आत भेटलं पाहिजे."

वाट मोकळी झाल्यावर अंकुशनं गाडी सोडली. तीस, वीस, पंधरा... प्रत्येक आकड्यावर थांबून राहावंसं वाटत होतं, पण खोटा दिलासा मी कसा देणार? अखेर समोरून दुसरी रुग्णवाहिका आली. मावशींची नळी नव्या सिलिंडरला जोडली, तेव्हा माझा काटा दहावर होता.

"तीस मिनिटं झाली. साठ गेले," अंकुश हळूच म्हणाला. "ताई, तुमचा हिशेब खरा निघाला."

त्यानंतर रोज सकाळी माझी काच अंकुशच पुसायचा.

काच चिरल्यावर मला गाडीतून काढलं. आता नव्या कर्मचाऱ्यांना शिकवताना काजल मला टेबलावर ठेवते आणि तेच गणित घालते. बहुतेक जण आधी किलोमीटरच धरतात.

मित्रांनो, प्रमाण जरूर मांडा, पण कशाच्या मागे काय संपतंय ते आधी बघा. आणि माझ्यासारख्या काट्यांची काच पुसत जा. मागच्या महिन्यात भागीरथामावशी स्वतःच्या पायांनी काजलच्या वर्गाचा जिना चढून आल्या. मला हातात घेऊन त्यांनी पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "एवढासाच आहे वं काजल हा!"

एवढासाच आहे मी. पण त्या दिवशी मी खरं बोललो आणि तिनं ते ऐकलं.