मखराची खोली

क्लाइड नदीकाठच्या मराठी मंडळाने ग्लासगोत नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचं स्वागत करायचं ठरवलं, म्हणून शाल्मलीला रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडाव्या लागल्या. पाहुण्यांना चहाच्या वेळेचं आमंत्रण होतं, आणि ज्यांचं स्वागत व्हायचं त्यांना दोन तास आधीचं. खुर्च्या कुणीतरी मांडायला हव्यातच, आणि मंडळातले निम्मे लोक स्वतः डॉक्टर असूनही ऐन अशा वेळी त्यांच्या कंबरा धरतात.

शाल्मली सांगलीहून मास्टर्ससाठी आली होती. "राहायचं काय?" असं तिच्या बाबांनी एजंटला विचारलं, तेव्हा तो इतका गोड हसला की बाबांना आपण अडाण्यासारखं काही बोललो असं वाटलं. तिथे गेलं की सगळं मिळतं, तो म्हणाला. मिळत काहीच नव्हतं. युनिव्हर्सिटीने खोल्या होत्या त्याच्या कितीतरी पट मुलांची फी घेऊन ठेवली होती, आणि आता मोठ्या कळकळीने मेल पाठवली होती: सोमवारपर्यंत ग्लासगोतला राहण्याचा पत्ता कळवा, नाहीतर आपला प्रवेश पुढच्या वर्षावर ढकला. पुढचं वर्ष म्हणजे व्हिसा गेला, तिकिटाचे पैसे गेले, आणि गल्लीत ज्यांनी पेढे खाल्ले त्यांना तोंड दाखवायचं. बॅकपॅकर्स हॉस्टेलमधली खाट तिला उद्या सकाळी सोडायची होती. शाल्मलीला रडू येत होतं, पण खुर्च्या अजून उरल्या होत्या.

कार्यक्रम सुरू झाला. हॉलमधला फायर अलार्म वाजू नये म्हणून दीपप्रज्वलन बॅटरीच्या समईचं बटण दाबून झालं. मंडळाच्या अध्यक्षा यमुनाकाकू पैठणी नेसून आणि वर फुगीर जॅकेट घालून उभ्या राहिल्या. "आम्ही आलो तेव्हा इथे कढीपत्तासुद्धा मिळत नव्हता," इथपासून त्यांनी सुरुवात केली आणि कढीपत्ता मिळायला लागेपर्यंत त्या बोलत राहिल्या. परक्या देशात आपणच एकमेकांचं घर असतो, हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं. त्यावर टाळ्या पडल्या.

मध्यंतरात जो येईल तो शाल्मलीला विचारत होता, राहतेस कुठे? शोधतेय, ती सांगायची. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा, कारण आता सल्ला देता येणार असायचा. लवकर यायला हवं होतंस. ऑनलाइन बघ. ऑनलाइन मात्र बघू नकोस, फार फसवतात. एका गृहस्थांनी एका ग्रुपची लिंक दिली. त्या ग्रुपमध्ये सगळे खोली शोधणारेच होते.

शेवटी तिने धीर करून यमुनाकाकूंनाच विचारलं. "काकू, तुमच्याकडे थोडे दिवस सोय होईल का? मी भाडं देईन."

"अगं, भाड्याचं काय घेऊन बसलीस? पण स्पेसचा इश्यू आहे ना," काकू म्हणाल्या. "पाच बेडरूम्स ऐकायला मोठं वाटतं. एक आमची, एक ईशिताची, एक काकांची स्टडी. एक गेस्ट रूम, ती गेस्टसाठी लागते. पाचवी तर पॅकच आहे. तू पॉझिटिव्ह राहा, मिळेल काहीतरी." आणि तिच्या पाठीवर थोपटून त्या फोटोला गेल्या.

समोशांच्या टेबलामागे त्यांची मुलगी ईशिता उभी होती. ग्लासगोतच जन्मलेली, मराठी जपून बोलणारी, पण खोटं बोलण्याइतकं मराठी तिला येत नव्हतं.

"पाचवा रूम पॅक नाहीये," ती म्हणाली. "तिथे गणपतीचा मखर राहतो. हीटिंग पण ऑन असते. ममा म्हणते, डॅम्पनी थर्माकोल खराब होते."

शाल्मली समोसा हातात धरून तशीच उभी राहिली. वर्षातले थोडेच दिवस लागणाऱ्या थर्माकोलला ग्लासगोत खोली होती, गरम खोली होती. या शहरात आल्यापासून तिला भीती वाटत होती, आता पहिल्यांदा राग आला, आणि रागाने तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात काकू लगबगीने आल्या. दरवेळी आभार मानणारे डॉक्टर ऑन-कॉल होते, त्यांना हॉस्पिटलमधून बोलावणं आलं होतं. "शाल्मली, आभार तू मान. स्टुडंटने मानले की बरं दिसतं. आणि कुणाचं नाव राहू देऊ नकोस, लोक मनाला लावून घेतात."

शाल्मलीने सांगलीच्या कॉलेजात चार वर्षं गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं होतं. तिने माइक धरला. हॉलचे, साउंडवाल्याचे, समोसे तळणाऱ्यांचे, समईच्या बॅटऱ्या आणणाऱ्यांचे, सगळ्यांचे रीतसर आभार मानले. लोक कोट चढवायला लागले होते.

"आणि शेवटी," ती म्हणाली, "ज्यांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, त्या यमुनाकाकू. मला राहायला जागा नाही हे कळताच त्यांनी आपल्या घरातली पाचवी खोली मला आजपासून दिली. परक्या देशात आपणच एकमेकांचं घर असतो, हे त्या नुसतं बोलल्या नाहीत."

काकू तोंड उघडून नाही म्हणाल्या असत्या तर सगळंच संपलं असतं. पण अर्धे कोट चढवलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यात जोरात रवीकाकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी वाजवल्या. घरातल्या निर्णयांची बातमी त्यांना एरवीही अशीच कळायची. काकूंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि कॅमेरा समोर आल्यावर हसरा झाला.

"मी हे सांगणार नव्हते," त्या माइकवर म्हणाल्या.

गाडी रवीकाका चालवत होते. मागे शाल्मली, वाटेत हॉस्टेलवरून उचललेली तिची बॅग आणि ईशिता. गाडी मोटरवेला लागली.

"दोन आठवडे," काकू समोर बघत म्हणाल्या. "तोपर्यंत दुसरीकडे बघायचं."

"हो काकू," शाल्मली म्हणाली. मग हळूच विचारलं, "दिवाळीच्या कार्यक्रमात आभार कोण मानणार आहे?"

रवीकाकांना खोकला आला. काकूंचा फोन वाजायला लागला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडला होता, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. असा अध्यक्ष पुन्हा होणे नाही, कुणीतरी लिहिलं होतं. जानेवारीत निवडणूक होती. काकूंनी सगळं दोनदा वाचलं.

"तुझा कोर्स कधी संपतो?"

"पुढच्या सप्टेंबरमध्ये."

काकूंनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"मग मखर गॅरेजमध्ये ठेवावं लागणार," त्या म्हणाल्या. "थंडीत." आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर भरून आला.