आईची पाठ

शीतलला आधी वाटलं, प्रदर्शनाच्या भिंतीवर चिठ्ठी चुकीच्या चित्राखाली लागलीय. चिठ्ठीवर 'पायल, इयत्ता चौथी, टेंभुर्णी' असं लिहिलं होतं आणि वर हिरवागार डोंगर होता. डोंगरामागून सूर्य उगवत होता. पायथ्याशी सगळी एका उंचीची झाडं होती, कवायतीला उभी केल्यासारखी.

पायलने डोंगर काढलाच नव्हता.

शीतल मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. नवीन जालन्यातल्या तिच्या खोलीत गोष्टींमधले कोल्हे, बकऱ्या, चेटकिणी जन्माला यायच्या आणि पुण्याच्या प्रकाशकाकडे जायच्या. पण रविवारी सकाळी ती टेंभुर्णीची एसटी धरायची. टेंभुर्णी तिचं माहेर. तिथल्या शाळेच्या ओट्यावर पोरांना बसवायची, कागद-खडू द्यायची आणि एवढंच सांगायची, "तू जिथं बसतोस, तिथून तुला काय दिसतं ते काढ."

मग वाट पाहायची. पोरं आधी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि झोपडी काढतात. ते त्यांनी पाहिलेलं नसतं, त्यांना दिलेलं असतं. ते सगळं काढून संपावं लागतं. कितीतरी रविवार गेले, तेव्हा कुठे पोरं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला लागली.

पायलची आई गिरिजाबाई आठवडी बाजारात मिरची विकायची. पायल पालाखाली आईच्या मागे, रिकाम्या पोत्यावर बसायची. तिथून तिला दिसायची आईची पाठ. तपकिरी साडीतली रुंद पाठ तिने अर्धा कागद भरून काढली होती. डोकं कागदात मावलंच नव्हतं. आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाइकांचे पाय होते: भेगाळलेले, जोडव्यांचे, तारेने बांधलेल्या चपलेतले. सगळं तेलखडू दाबून दाबून काढलेलं. ते पाहिलं त्या दिवशी शीतलने आपल्या टेबलावरचं काम बाजूला सारलं होतं. आपल्याला हे सुचलं नसतं, हे तिला मनोमन कळलं होतं.

आता त्या पाठीचा डोंगर झाला होता आणि पायांची झाडं.

ती पुढच्या चित्राकडे गेली. कचरूने त्याच्या बकरीचे फक्त दात काढले होते, कारण बकरी त्याची वही खायची. तिथे आता गोंडस पांढरी बकरी गवतात उभी होती. वर सूर्य. त्यापुढच्या चित्रातही सूर्य. शीतलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वा, शीतलबाई." हे अमरचंद शेठ. हॉल त्यांच्या ट्रस्टचा. "काय सफाई आहे. सगळी एकाच हातची वाटून राह्यली."

"एकाच हातची आहेत, शेठजी," शीतल म्हणाली आणि सरळ व्यासपीठाकडे निघाली.

तिथे काकासाहेब सर समईतली वात सारखी करत होते. जालन्यात ज्याने कुंचला हातात धरला, तो काकासाहेबांकडून कधी ना कधी शिकलेला. बोर्ड रंगवणारे, गणपती घडवणारे, शाळांतले चित्रकला शिक्षक, सगळे त्यांच्या कला मंडळात. शीतलही त्यांचीच. प्रदर्शनासाठी पुठ्ठ्यावर माउंट करून देतो म्हणून त्यांनी आपण होऊन पोरांची चित्रं नेली होती.

"सर, पोरांच्या चित्रांना हात कुणी लावला?"

"मीच. दुसरं कोण लावणार? कच्चं होतं सगळं, जरा बराबर केलं. आता बघ कसं उठून दिसतंय."

"पायलची आई पुसली तुम्ही."

"आई? कुठली आई? तिथं नुसता तपकिरी गोळा होता. डोकं न्हाई, हात न्हाई. पाव्हणे विचारतील हे काय, तर काय सांगू? मिरचीच्या पोत्यामागं बसलेल्या पोरीला असंच दिसतं?"

"हो. तेच सांगायचं."

काकासाहेब हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणूनच शीतल जास्त भडकली. कपटी माणसाशी भांडता येतं. भलं केल्याच्या समाधानात बसलेल्या माणसाला कुठून धरायचं?

मंडळाचे लोक उगाच भिंतीवरची चित्रं सरळ करत होते. बोर्ड रंगवणारा कल्याण खुर्ची पुसत होता. शीतलला पहिला चांगला कुंचला त्याने दिला होता.

"कल्याणदादा, तुम्हाला माहीत होतं?"

"सर रंगवून राह्यले म्हटल्यावर, बाई, आपण काय बोलणार," कल्याण खुर्चीकडे बघत म्हणाला.

"बरोबर. खुर्ची पुसा. ती स्वच्छच आहे, पण पुसा."

"शीतल," काकासाहेबांचा आवाज थोडा चढला. "तुझ्या वेळी तू न्हाई भांडलीस. तुझ्या विहिरीत हंस कुणी सोडले होते?"

ती थांबली.

"नुसती काळी विहीर काढली होतीस. काठावरून वाकून बघितल्यासारखी. बघणाऱ्याला गरगरावं अशी. मी चार राजहंस टाकले, कमळं टाकली, तेव्हा पहिला नंबर आला. म्हणून तुझ्या वडलांनी, धर्मराजभाऊंनी, तुला चित्रकलेला पाठवलं. न्हाईतर बसली असतीस टेंभुर्णीत."

ते चित्र तिच्या वडिलांच्या बैठकीत अजून टांगलेलं होतं. येईल त्याला वडील दाखवायचे. हंस काढल्याचं तिला कधीच आठवलं नव्हतं. लहानपणीचं कुणाला आठवतं, असं ती म्हणायची. आणि त्या टाळ्यांपायी पुढे किती वर्षं ती दिसेल त्या पाण्यात हंस सोडत राहिली. जन्मात हंस न पाहिलेली मुलगी. आता तिला विहिरीचा काठ आठवला. पोटाला टोचणारा दगड, खालून येणारा गारवा, आणि पडू की काय ही भीती. ती भीती तिने काढली होती. ती कुणीतरी पांढऱ्या रंगाने झाकली होती, आणि त्या रंगाला बक्षीस मिळालं होतं.

तेवढ्यात दारातून टेंभुर्णीची पोरं आत आली. पुढे पायल, डोक्याला चापून तेल. मागे नवी साडी नेसलेली गिरिजाबाई.

पायलने आपलं नाव शोधलं. मग वर पाहिलं. परत नाव वाचलं.

"ताई, माझं कुठंय?"



"छान केलाय की डोंगर," गिरिजाबाई म्हणाली. "पण तू तर म्हणली होतीस, मी हाये त्यात."

पायल खाली बघायला लागली. "माझं चुकलं होतं का, ताई?" तिने इतक्या हळू विचारलं की फक्त शीतललाच ऐकू आलं.

शीतलने चित्र भिंतीवरून उतरवलं आणि व्यासपीठाच्या टेबलावर ठेवलं.

"सर, तेलखडूवर रंग बसवला कसा तुम्ही? तो तर धरत नाही."

"साबणाचा थेंब टाकून," काकासाहेब म्हणाले. शिकवायची सवय जाते कुठे.

"साबणाने बसलेलं पाण्याने निघतं. हेही तुम्हीच शिकवलंय."

तिने कल्याणच्या हातातलं फडकं घेतलं, फुलदाणीच्या पाण्यात बुडवलं आणि पायलपुढे धरलं. "तुझं काही चुकलं न्हाई. तुझं खाली आहे. पूस."

पायलने काकासाहेबांकडे पाहिलं.

"शीतल, पाव्हण्यांची गाडी फाटकात आलीय," ते म्हणाले.

"येऊ द्या. पायल, पूस."

पायलने एका झाडावर फडकं फिरवलं. हिरवा रंग विरघळला आणि खालून जोडवं घातलेलं बोट वर आलं. मग भेगाळलेली टाच. मग तिने डोंगराला हात घातला, आणि आता ती कुणाकडे बघत नव्हती. तपकिरी साडी दिसू लागली.

गिरिजाबाई वाकली. "हे बघ, पाठीवरचं ठिगळ बी काढलंय पोरीनं. मी तर रोज पदराखाली झाकते ते."

सगळं निघालं नाही. खडू जिथे पोचला नव्हता, तिथे कागदाने हिरवा रंग पिऊन टाकला होता. पायांच्या बोटांमधे तो तसाच राहिला. शीतलने ते डाग पाहिले आणि तिचा राग तसूभरही कमी झाला नाही.

"ताई, ते फडकं मला," कचरू म्हणाला. "माझे दात काढायचेत."

"सरांचे नको काढू," मागून एक पोरगा म्हणाला. कुणी हसलं नाही. कल्याण बाहेर गेला आणि पाण्याची बादली घेऊन आला. मान खाली घालूनच त्याने ती पोरांमधे ठेवली.

पाहुणे दारात आले तेव्हा फरशी ओली होती, पोरांच्या बाह्या ओल्या होत्या आणि भिंतीवर एकही सूर्य उरला नव्हता. अमरचंद शेठ पाहुण्यांना पाय जपून टाकायला सांगत होते.

काकासाहेब खुर्चीत बसले होते. "मी सगळ्यांचं भलंच केलं गं," ते म्हणाले.

"मग माझी विहीर द्या, सर."

"ती जलरंगात होती, पोरी. हंस कागदात मुरलेत. ते निघत न्हाईत."

"माहितीय मला," शीतल म्हणाली.

तिने पोरांमधे बसकण मारली आणि बादलीत फडकं पिळलं. पाणी हिरवंगार निघालं.