कपाटाच्या मापाची पुस्तके

दिनांक ४ मे १९७९, वार शुक्रवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. पोलादपूर तालुक्यातील बोरकोंडच्या सार्वजनिक वाचनालयात एकूण पुस्तके चारशे बारा. आणि कपाटात हजर पुस्तकेही चारशे बारा!

ही मोजणी भिकाजी सकपाळ रोज सकाळी जातीने करीत आणि आकडा जुळला की समाधानाने चष्मा पुशीत. वाचनालय सुरू होऊन दोन वर्षे झाली होती. एक पुस्तक हरवले नव्हते, एक पान दुमडले नव्हते. भिकाजींनी तरुणपणी तंत्रविद्यालयात यंत्रचित्रांचे शिक्षण घेतले होते आणि पुढची सारी हयात मुंबईच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळण्यात घालवली होती. तेथे जशी हत्यारे, तशी येथे पुस्तके. खोली ग्रामपंचायतीची होती, पुस्तकांची रक्कम दरवर्षी गावचे मुंबईकर मंडळ पाठवी. कपाट मात्र भिकाजींच्या हातचे. घरच्या फणसाच्या फळ्या, काचेची दारे, आणि चारही कप्पे सुतात धरलेले. गावात पाहुणा आला की त्याला आधी देऊळ दाखवीत आणि मग हे कपाट.

त्या दिवशी मोजणी संपते न संपते तोच दाराशी रखमा येऊन उभी राहिली. रखमा गावची सुईण. नुकतीच पोलादपूरला सरकारी शिक्षण घेऊन आली होती.

"भिकूअण्णा, येऊ काय आत?"

"चपला बाहेर. हात धुतलेस?"

"धुतले रे बाबा! पुस्तक बघायचं हाय, नैवेद्य नाय दाखवायचा." रखमा घाईत होती. "तुळसाच्या पोरास रातपासून जुलाब लागलेत. मीठ-साखरेचं पाणी पाजायला आमास शिकवलं, पण मीठ किती नि साखर किती, त्याचं माप माज्या ध्यानात नाय राहिलं. तुज्या पुस्तकात बघून सांग."

भिकाजींनी कमरेची किल्ली काढून काचेचे दार उघडले. वैद्यकावरचे दोन जाडजूड खंड होते, ते त्यांनी टेबलावर ठेवले. पहिल्यात प्राचीन वैद्यांची परंपरा, दुसऱ्यात परदेशातील शस्त्रक्रियांचा इतिहास. त्यांनी तिसरा ग्रंथ काढला, चौथा काढला. न उघडलेली पाने दमट हवेने एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना चरचर आवाज होई. कोणत्या पुस्तकात काय आहे, हे आपल्याला ठाऊकच नाही, ही गोष्ट भिकाजींच्या प्रथमच ध्यानात आली. कपाळावर घाम आला.

"अरे अण्णा, तू पानं सोडवशील तवर पोर सुकून जाईल रे!" रखमा रडकुंडीला आली.

याच वेळी शाळेच्या मुख्याध्यापिका सुंदराबाई साळवे आत आल्या. सुट्टी लागली होती, तरी शाळेचे दप्तर पुरे करण्यासाठी त्या आठवडाभर मागे राहिल्या होत्या. रखमाचे म्हणणे ऐकताच त्यांनी पिशवीतून आरोग्य खात्याची एक पातळ, चित्रांची पुस्तिका काढली, माप वाचून दाखवले आणि तिच्याकडून दोनदा वदवून घेतले.

"पाणी उकळून गार केलेलं. माप अंदाजाने धरायचं नाही. आणि पाणी पाजत पाजत साडेअकराच्या एस.टी.ने पोराला पोलादपूरच्या दवाखान्यात न्यायचं. पुस्तिका तुझ्याकडेच ठेव."

रखमा पदर खोचून धावली. तिसऱ्या दिवशी ते पोर अंगणात कोंबड्यांच्या मागे पळत होते. परंतु भिकाजींच्या मनातील काटा निघाला नाही. चारशे बारा ग्रंथांना जे जमले नाही, ते सोळा पानांनी केले होते!

दुखावलेल्या ठिकाणीच टोला बसतो म्हणतात. त्याच शुक्रवारी दुपारी सरपंच महादू उतेकर पान चघळीत आले.

"काय अण्णा, आज गिऱ्हाईक किती?"

"वाचनालयात गिऱ्हाईक नसतं, महादू. वाचक असतात."

"ते तरी कुठं हायत? हे बघ, राग मानू नको. रेशनचं धान्य ठेवायला कोरडी खोली नाय गावात. पंचायतीचं ठरतंय, ही खोली धान्याला द्यायची. शिमग्याला मुंबईकर आले की सभा घेऊ. तवर बघ तुजं काय चालतंय ते."

"आणि पुस्तकं?"

"ने तुज्या पडवीत. धान्याला निदान उंदीर तरी येतील अण्णा; तुज्या पुस्तकांस उंदीर पण नाय येत!"

सरपंच हसत गेले. भिकाजी हसले नाहीत. खोली गेली तर वाचनालय गेले, हे त्यांना उमगले. मुंबईतल्या एका खोलीत नऊ माणसांत राहून जपलेले हे एकच स्वप्न होते, की आपल्या डोंगरातल्या गावात ग्रंथांची एक खोली असावी. सायंकाळी ते उठून सरळ शाळेत गेले. सुंदराबाई फळ्याला शाई लावीत होत्या.

"बाई, गाव अडाणी आहे," ते म्हणाले. "इतकी उत्तम पुस्तकं आणली, पण वाचायला कोणी फिरकत नाही. आता खोलीही जाणार."

सुंदराबाईंनी हातातला बोळा खाली ठेवला. "भिकाजीराव, एक विचारू? ही पुस्तकं तुम्ही निवडलीत कशी?"

भिकाजी ताठ बसले. हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. "पद्धतशीर निवडली. कपाट आधी तयार होतं. कप्प्याची उंची साडेदहा इंच. टेप घेऊन महाडला दुकानात गेलो. साडेनऊ इंचांच्या खालचं पुस्तक घेतलं नाही. पुठ्ठा जाड, पाठीवर सोनेरी अक्षरं. पातळ पुस्तकं दुकानदार दाखवत होता. मीच नको म्हटलं. पातळ पुस्तक उभं राहत नाही बाई, कलंडतं."

सुंदराबाईंना हसू आवरेना. "अहो, पावलांची मापं न घेता वहाणा आणल्यात, आणि वर म्हणता गाव अनवाणी का चालतं!"

भिकाजींचा चेहरा पडला. बाईंनी आवाज मऊ केला.

"तुमच्या टूलरूममध्ये हत्यार द्यायची रीत काय होती?"

"बिल्ल्याची. कामगाराने हत्यार नेलं की त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खुंटीला लावायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत."

"आणि भर पाळीत तुम्ही खुंट्यांकडे पाहिलंत, सगळी हत्यारं जागच्या जागी, एकही बिल्ला लागलेला नाही, तर काय समजायचं?"

"त्यात काय समजायचं? कारखाना बंद!"

शब्द तोंडातून गेला आणि भिकाजींना आपला रोजचा आकडा आठवला. चारशे बारापैकी चारशे बारा! दोन वर्षे रोज सकाळी ते ज्या आकड्याने सुखावत होते, तो आकडा बंद कारखान्याचा होता!

"मी महाडची," सुंदराबाई हळूच म्हणाल्या. "तळ्याच्या काठी वाढले. माझ्या वडिलांनी त्या पाण्याची ओंजळ भरली, ती काठावरून पाणी बघण्यासाठी नव्हे. पाणी प्यायचं असतं आणि विद्या वापरायची असते. काचेआडची विद्या आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लांबून पाहिली आहे, भिकाजीराव. आता तुमच्यासारख्या भल्या माणसाने नवी काच लावू नये."

भिकाजींनी मान खाली घातली; पण ते खचणारे नव्हते. चूक कळली की दुरुस्ती काढायची, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

"मग माप कुणाचं घ्यायचं, सांगा."

"वाचणाऱ्याचं! मुलाला काय प्रश्न पडतो, कारागीर कुठे अडतो, शिक्षक कशाने जेरीस येतो, ते आधी ऐका. पुस्तक मागून."

दुसऱ्या दिवसापासून बोरकोंडाने एक नवल पाहिले. एरवी वाचनालयाचा उंबरा न सोडणारे भिकूअण्णा वाडीवाडीत फिरू लागले. नदीवर डुंबणाऱ्या पोरांना त्यांनी विचारले, "तुम्हांला काय जाणून घ्यावंसं वाटतं?" पोरे आधी बुजली, मग थांबेनात. "अण्णा, बेंडूक उन्हाळ्यात कुठं जातो?" "वीज आधी दिसते नि मागून वाजते, ती का?" "सव गावच्या गरम कुंडातलं पाणी तापवतं कोण?" एक पोरगी म्हणाली, "नि आमच्या करवंदांचं नाव पुस्तकात कुठंच का नाय?"

गवंडी महिपत ओट्यावर विडी ओढत होता. "पुस्तकाने भिंत उभी राहते काय अण्णा?" तो म्हणाला.

"मागल्या पावसात शाळेचा गिलावा पडला, तो कुणी केला होता?"

महिपतने विडी विझवली. "तू पण ना अण्णा, नेमकं दुखतंय तिथंच बोट घालतोस! चुन्याचं काम मला माज्या बापाने शिकवलं. शिमिटाचं कोण शिकवणार? पाणी किती घालावं, भिजवावं किती दिस... हाय असं पुस्तक?"

"असेल तर आणतो. नसेल तर नाही म्हणून सांगतो."

सुंदराबाईंची स्वतःचीही अडचण होतीच. एका खोलीत चार इयत्ता. पहिलीला अक्षरे गिरवायला लावून चौथीला अपूर्णांक शिकवायचे, ते कसे? उपदेश सांगणारी पुस्तके त्यांच्याकडे ढीगभर होती. वर्गात करून पाहिलेले सांगणारे एकही नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे महाडच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदार श्रीपतशेठ भिकाजींना ओळखत होते.

"या अण्णा! आज टेप नाही वाटतं आणली?"

"आणली आहे," भिकाजी म्हणाले, "पण ती घरच्या खिडकीसाठी. आज पुस्तकं उघडून बघणार."

आणि खरोखरच त्यांनी एकेक पुस्तक उघडले. लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केले आहे की नुसते ऐकून लिहिले आहे? पुस्तक केव्हाचे? खतांचे आणि औषधांचे ज्ञान बदलते. तेथे जुने चालणार नाही. चित्र पाहून काम करता येईल काय? मधलेच एक पान मोठ्याने वाचले, तर आपल्या माणसाला ते कळेल काय? पाण्याच्या पंपाचे एक देखणे पुस्तक शेठनी कौतुकाने पुढे केले. भिकाजींनी त्यातली आकृती मिनिटभर न्याहाळली आणि पुस्तक मिटले.

"शेठ, यातली झडप उलटी काढली आहे. असा पंप जोडला तर थेंब चढणार नाही."

"अहो, इतकं कोण बघतं!"

"यापुढे आम्ही बघणार."

सुंदराबाईंनी त्यांच्याकडे अभिमानाने पाहिले. यंत्रचित्रांचे शिक्षण इतक्या वर्षांनी आपल्या गावाच्या कामी आले होते!

जुने सोनेरी ग्रंथही त्यांनी वाया घालवले नाहीत. महाडच्या एका मोठ्या वाचनालयात महाविद्यालयाची मुले अभ्यासाला बसत. त्यांना असे ग्रंथ हवेच होते. मुंबईकर मंडळाची संमती आली. ते ग्रंथ तिकडे गेले आणि त्यांच्या बदल्यात तिथल्या दुबार प्रतींतली मुलांची विज्ञानाची पुस्तके इकडे आली. पातळ पुस्तके कलंडू नयेत म्हणून भिकाजींनी करवत घेतली आणि स्वतःच्या हातांनी केलेल्या त्या सुबक कप्प्यांत आडव्या-उभ्या फळ्या ठोकल्या. कपाटाचे रूप थोडे बिघडले. पुस्तकांच्या मापाचे मात्र झाले! काचेच्या दाराचे कुलूप निघाले. पत्र्याचे बिल्ले कापून त्यांवर प्रत्येक वाचकाचे नाव आणि नंबर घातला, आणि जागोजागी खिळे ठोकले. पुस्तक न्यायचे, आपला बिल्ला त्या जागी लावायचा. ओल्या हाताचे काय? "हात पुसून घ्या," एवढाच नियम उरला.

पहिले पान दुमडले, तेव्हा भिकाजींच्या काळजात चर्र झाले. दुसरे दुमडले, तेव्हा थोडे कमी. पुढे एकदा महिपतकडून आलेल्या पुस्तकावर सिमेंटचा अंगठा उमटलेला दिसला, तेव्हा मात्र त्यांनी तो ठसा सुंदराबाईंना बोलावून दाखवला, एखादे पदक दाखवावे तसा!

शिमगा आला. मुंबईकरांनी गाव फुलून गेले. पालखी नाचून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सभेआधी सरपंच महादू उतेकर चार पंचांसह वाचनालयात आले. कपाटाकडे पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"वा अण्णा! आमी सांगायच्या आधीच सामान हलवलंस? कपाट मोकळं केलंस, बरं झालं. पोती आजच आणून टाकतो."

भिकाजी शांतपणे म्हणाले, "महादू, मोकळ्या जागेत काय लटकतंय ते बघ."

"पत्र्याचे तुकडे. कसले हे?"

"एकेक तुकडा म्हणजे एकेक माणूस. हा महिपत. त्याने शाळेचा गिलावा नव्याने केला, त्याची आजवर कपची उडाली नाही. ही रखमा. पावसात जुलाबाची साथ आली तेव्हा तिने शिकवलेलं माप आता घराघरांत पाठ आहे. हा नंबर बाईंचा. ही सगळी रांग पोरांची. आणि हा कोपऱ्यातला बिल्ला कुणाचा, वाच."

सरपंचांनी चष्मा सावरला. "अरे, हा तर आमच्या काशीबाईचा! माज्या घरची सून? ती कवा आली इथं?"

"दर आठवड्याला येते. परसातल्या भाज्यांचं पुस्तक नेते. गेले दोन महिने तू ताटात वांगी-टोमॅटो खातोस, ते काय पोलादपूरच्या बाजारातून येतात असं वाटलं तुला?"

पंच खो खो हसले. सरपंचांचा हात नकळत पोटावरून फिरला. मग तेही हसले. आणि हसता हसता गंभीर झाले.

"अण्णा, उंदरांचं बोललो व्हतो मी. ते मागं घेतलं." ते पंचांकडे वळले. "धान्याला माज्या घराची माडी देतो. ह्या खोलीला कोण हात लावायचा नाय!"

दाराशी उभ्या सुंदराबाईंनी डोळे पुसले. भिकाजींची मान त्या दिवशी जितकी उंच होती, तितकी ती चारशे बारा सोनेरी ग्रंथांच्या मालकीनेही कधी झाली नव्हती.

वाचकहो, आपल्याही गावात, शाळेत, कचेरीत असे एखादे कुलूपबंद कपाट असेलच. ते कधी अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी भरलेले असते, कधी देणगीदाराच्या नावासाठी, तर कधी नुसत्या शोभेसाठी. ज्ञानाची पुस्तके निवडताना त्यांची जाडी पाहू नका. ज्याच्या हाती ती जाणार, त्याचा प्रश्न आधी ऐका. मुलाच्या कुतूहलाला, कारागिराच्या अडचणीला आणि शिक्षकाच्या रोजच्या झगड्याला जे उत्तर देते, तेच पुस्तक थोर. आणि वाचनालयाची श्रीमंती कपाटात मोजू नका, घराघरांत मोजा!

त्या दिवशी सभा संपल्यावर भिकाजींनी नेहमीप्रमाणे मोजणी केली. एकूण पुस्तके दोनशे चौदा. गावात गेलेली एकशे त्र्याऐंशी. कपाटात शिल्लक एकतीस.